पाकविचार : सार, आमटी आणि मेक्सिकोचा ‘सोपा’

आमटींत पाणी घातलें म्हणजे तिचें सार होतें, असा समज अलीकडे पुष्कळ घरांतून रूढ झालेला दिसतो. तो खरा नाहीं. सार हा जन्मतःच पातळ असलेला पदार्थ आहे. पाणी घातलेली आमटी ही पातळ झालेली आमटीच राहते. हा भेद नुसता शब्दांचा असता, तर त्यावर या सदराचीं पानें आम्हीं खर्ची घातलीं नसतीं. परंतु कोणत्या पातळ पदार्थानें पोट भरतें आणि कोणत्यानें केवळ घसा ओला होतो, हें वाढणाऱ्या हातास ठाऊक नसेल, तर त्याचा भुर्दंड लहान मूल, आजारी माणूस आणि शेवटच्या पंगतीस बसणारी स्त्री यांस भरावा लागतो. म्हणून पातळ पदार्थांचे प्रकार कसे ओळखावे, याचा विचार या अंकीं योजिला आहे. आणि त्यासाठीं उदाहरण थोडें दूरचें, मेक्सिको देशाचें, घेतलें आहे.

दूरचें म्हटलें खरें, पण मेक्सिको आपणांस वाटतो तितका परका नाहीं. वर्ध्यास जन्मलेले क्रांतिकारक व कृषिशास्त्रज्ञ डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे हे १९२४ च्या सुमारास तेथें गेले, चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिविद्यालयांत अध्यापक झाले, आणि मक्याच्या सुधारणेवर त्यांनीं पुष्कळ काम केलें. दिएगो रिव्हेरा या विख्यात चित्रकारानें मेक्सिको शहरांत रंगविलेल्या भित्तिचित्रांत त्यांस स्थान दिलें आहे. १९६७ सालीं नागपुरास त्यांचें देहावसान झालें, आणि २०२२ सालीं चापिंगो येथें त्यांचा पुतळा उभारण्यांत आला. ज्या मक्यासाठीं या मराठी माणसानें आयुष्याचीं कित्येक वर्षें वेंचलीं, त्याच मक्यावर मेक्सिकोचें जेवण उभें आहे.

उलट बाजूनें पाहिलें तर आपल्या फोडणींतील मिरची ही मूळची त्यांची. मिरची, टोमॅटो, मका, राजमा व आपला श्रावणघेवडा हीं सर्व अमेरिकेकडील पिकें. पोर्तुगीज लोक आपल्या किनाऱ्यावर आल्यानंतरच तीं हळूहळू इकडे रुजलीं. ज्या संकेश्वरी मिरचीच्या तिखटपणाचा आणि ब्याडगीच्या रंगाचा आमच्या भागास अभिमान वाटतो, त्या दोहोंचे पूर्वज मेक्सिकोकडचेच. मेक्सिकोनेंही आपलें कांहीं कमी घेतलेलें नाहीं. १५२१ सालीं स्पॅनिश लोकांनीं तो देश जिंकल्यानंतर तांदूळ, कांदा, लसूण, कोथिंबीर आणि लिंबू हीं जुन्या जगांतून तिकडे गेलीं. आज तेथील माणूस आपल्या वाटींत लिंबू पिळतो व आम्ही आमच्या आमटीस मिरचीची फोडणी देतों. दोघांनींही एकमेकांची उसनवार अद्याप फेडलेली नाहीं.

आतां शब्दाचा उलगडा करूं. संस्कृतांत ‘सूप’ म्हणजे शिजविलेली डाळ, अर्थात् आपलें वरण. त्यावरूनच स्वयंपाक्यास ‘सूपकार’ म्हणत. रामचंद्र सखाराम गुप्ते यांनीं १८७५ सालीं मराठींत पाककृतींचें पुस्तक प्रसिद्ध केलें, त्याचेंही नांव ‘सूपशास्त्र’ असेंच होतें. हॉटेलांत मिळणारें इंग्रजी ‘सूप’ मात्र निराळ्या कुळांतलें आहे. त्याचा मूळ अर्थ रशांत भिजविलेला पावाचा तुकडा. स्पॅनिश भाषेंतील ‘सोपा’ हा शब्दही त्याच कुळांतला. आमच्याकडे घराच्या पुढील दालनास सोपा म्हणतात आणि पंगत त्यांत बसते. तिकडे सोपा वाटींतून येतो! पण अर्थाकडे लक्ष दिलें, तर हा सोपा आपल्या दारचाच आहे. शिळी भाकरी आमटींत कुस्करून खाणारें कागलचें पोर आणि मिसळीच्या कटांत पावाचा काप बुडविणारा कोल्हापूरकर, हे दोघेही त्या शब्दाच्या मूळ अर्थालाच जागत असतात.

मेक्सिकोच्या पाकशास्त्रांत पातळ पदार्थांचीं निरनिराळीं नांवें आहेत, आणि प्रत्येक नांवामागें एक निश्चित कल्पना आहे. पहिला प्रकार ‘काल्दो’ हा होय. काल्दो म्हणजे निवळ रस. मांसाचे अगर भाज्यांचे मोठाले तुकडे पाण्यांत मंद आंचेवर पुष्कळ वेळ शिजवावयाचे. त्यास पीठ लावावयाचें नाहीं. वर लिंबू, कोथिंबीर, चिरलेली मिरची ज्यानें त्यानें रुचीप्रमाणें घालून घ्यावी.

दुसरा ‘सोपा आग्वादा’, म्हणजे पाणीदार सोपा. याला वाटण असतें. टोमॅटो, कांदा व लसूण वाटून तें तेलावर चांगलें परततात आणि मग रस घालून त्यांत शेवया, मसुरा, घेवड्याचे दाणे किंवा मक्याच्या शिळ्या पोळीचे तळलेले तुकडे सोडतात. तिसरा प्रकार ऐकून आमचे वाचक चकित होतील : ‘सोपा सेका’, म्हणजे कोरडा सोपा! तांदूळ किंवा शेवया तेलावर परतून, त्याच वाटणांत व रसांत शिजवून, सर्व पाणी आटेपर्यंत ठेवतात. पाणी दिसत नाहीं तरी तो सोपाच, कारण त्याची रुची रसांतून आलेली असते. जुन्या पद्धतीच्या दुपारच्या जेवणांत आधीं पाणीदार सोपा, मग कोरडा सोपा, त्यानंतर मुख्य कालवण आणि शेवटीं घेवड्याची उसळ, असा क्रम असे. चौथा प्रकार ‘क्रेमा’. मक्याचे कोंवळे दाणे किंवा भोपळ्याचीं फुलें शिजवून, वाटून, दूधसाईनें दाट केलेला. हा युरोपियन वळणाचा आहे.

पांचव्या प्रकारास सोपा म्हणण्यापेक्षां पुरें जेवणच म्हणावें. त्याचें नांव ‘पोसोले’. मक्याचे टपोरे दाणे चुन्याच्या पाण्यांत शिजवून त्यांचीं टरफलें काढतात, आणि मग ते बहुधा मांसाबरोबर, फुलासारखे उमलेपर्यंत शिजवितात. चुन्याची ही युक्ति फार जुनी व शहाणपणाची आहे. तिनें मक्यास चुनखडीचा अंश मिळतो, आणि एरवीं शरीरास न लाभणारें एक जीवनसत्त्व मोकळें होतें. ज्या देशांनीं मका घेतला पण ही युक्ति घेतली नाहीं, तेथें केवळ मक्यावर जगणाऱ्या गरीब लोकांस ‘पेलाग्रा’ नांवाच्या रोगानें ग्रासलें. पोसोले पांढरें, तांबडें व हिरवें असें तीन रंगांचें असतें. पांढऱ्यांत वाटण नसतें, तांबड्यांत सुक्या मिरच्यांचें असतें, आणि हिरव्यांत भोपळ्याच्या बिया व हिरवे आंबट टोमॅटिलो घालतात. मेक्सिकोच्या या पारंपरिक पाककलेस २०१० सालीं युनेस्कोनें मानवजातीच्या अमूर्त वारशांत स्थान दिलें.

तांबडें-पांढरें म्हणतांच कोल्हापूर संस्थानच्या जुन्या मुलखांतील कोणासही दुसरी जोडी आठवेल. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं मांसाहार होत नाहीं. तरी शेजाऱ्याच्या चुलीवर काय शिजतें, तें समजून घेण्यास सोंवळें आड येऊं नये. येथील मराठा घरांतून मटण आधीं तिखटावांचून शिजवितात. त्या पाण्यास अळणी म्हणतात. त्याच अळणीचे पुढें दोन रस्से होतात. नारळाचें दूध, तीळ, खसखस व अख्खा मसाला घातला कीं पांढरा. आणि सुकें खोबरें व कांदा-लसणीचें तिखट घातलें कीं तांबडा. एका पातेल्यांतून निघालेल्या रसास दोन अंगें दिलीं, एवढाच हा चमत्कार. आणि मेक्सिकोची स्वयंपाकीणही नेमकें हेंच करते.

ही वर्गवारी केवळ परक्यांचीच मिरास आहे, असें मात्र कोणी मानूं नये. आपल्या वैद्यकानें पातळ अन्नाचे प्रकार पाण्याच्या मापानें ठरविलेले आहेत. शार्ङ्गधरसंहितेंत तांदुळाच्या चौपट पाण्यांत शिजविलेली ती विलेपी, सहापट पाण्यांतली यवागू, आणि चौदापट पाण्यांतली पेया व मंड, असें प्रमाण दिलें आहे. पेयेंत थोडीं शितें असतात, मंड गाळलेला असतो. आजाऱ्यास मंडापासून विलेपीपर्यंत पायरीपायरीनें चढवावयाचें, ही त्यामागील दृष्टि. पातळ आणि घट्ट यांत फरक आहे, आणि तो फरक मापून द्यावयाचा असतो, हें आपल्या पूर्वजांस पक्कें ठाऊक होतें.

आतां आपल्या स्वयंपाकघरांत येऊं. कोणताही पातळ पदार्थ ओळखण्यास तीन प्रश्न पुरेसे आहेत : त्याला अंग कशाचें, आंबटपणा कशाचा, आणि तो घ्यावयाचा कशाबरोबर?

आमटीस अंग शिजवून घोटलेल्या डाळीचें. आंबटपणा चिंचेचा किंवा आमसुलाचा, त्यास गुळाची जोड व गोडा मसाला. आणि ती भातावर किंवा पोळीशीं घ्यावयाची. साराला डाळीचें अंग नसतें. आमसुलें पाण्यांत कोळून, मीठ व गूळ घालून, वर तुपाची व जिऱ्याची फोडणी दिली कीं सार झालें. टोमॅटोच्या साराला नारळाचें दूध लावतात, तरी तें पिण्याच्याच जातीचें. कढीस अंग ताकाचें व डाळीच्या पिठाचें, आणि आंबटपणाही ताकाचाच. सोलकढी तर चुलीवर चढतच नाहीं. नारळाचें दूध व आमसुलाचें पाणी एकत्र केलें कीं झाली. कढण म्हणजे मुगाचा किंवा कुळथाचा दाट काढा. आजाऱ्याचा व बाळंतिणीचा आधार. हुलग्याचें माडगें व जोंधळ्याची अंबील हीं पिठाचीं पेयें, मेक्सिकोच्या मक्याच्या ‘आतोले’चीं सख्खीं भावंडें. शेंगोळ्या हा आमचा पाणीदार सोपा; हुलग्याच्या पिठाच्या वळ्या रशांत शिजवून त्या रशासकट खावयाच्या. आणि कोरडा सोपा पाहून ज्यांस नवल वाटलें असेल, त्यांनीं पिठलें व झुणका आठवावा. पीठ तेंच, फोडणी तीच. एक पळींतून ओघळतें, दुसरा मोकळा पडतो.

तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर आमच्या दक्षिण महाराष्ट्राच्या बोलीनें फार सुंदर दिलें आहे. येथें भाकरीबरोबरच्या ओल्या पदार्थास ‘कालवण’ म्हणतात, कारण तें कालवावयाचें असतें; किंवा ‘कोरड्यास’ म्हणतात, कारण तें कोरड्या भाकरीस हवें असतें. पदार्थ काय आहे यापेक्षां तो कशासाठीं आहे, हें या शब्दांनीं सांगितलें.

पुरणाच्या दिवशीं होणारी कटाची आमटी ही या सर्वांत निराळी. हरभऱ्याची डाळ शिजवून वरचें पाणी निथळून घेतात. कोणी त्यास कट म्हणतात, आमच्याकडे येळवणी म्हणतात. तें पाणी फेंकून न देतां त्यास गोडा मसाला, भाजलेलें खोबरें, चिंच व गूळ घालून आमटी करतात. कागलच्या दक्षिणेस दूधगंगा ओलांडली कीं थोड्याच अंतरावर कर्नाटकाची हद्द लागते. १९५६ सालच्या राज्यपुनर्रचनेंत निपाणी पलीकडे गेली, पण कटास ती सीमा कोणी दाखविली नाहीं. कन्नड घरांतूनही सणाच्या पुरणाबरोबर याच पाण्याचें ‘कट्टिन सारु’ होतें. दोन्ही बाजूंच्या गृहिणी त्यांत थोडी शिजलेली डाळ किंवा पुरणाचा लहानसा गोळा कालवितात. हें केवळ दाटपणासाठीं नव्हे. डाळीचे क्षार व कांहीं जीवनसत्त्वें पाण्यांत उतरतात, पण बल देणारीं प्रथिनें बहुतेक डाळींतच राहतात; तो गोळा नसेल, तर कट रुचकर असूनही पोकळ राहतो.

येथें आपण या लेखाच्या मुख्य मुद्द्याशीं येऊन ठेपलों. शंभर ग्रॅम तुरीच्या डाळींत सुमारें २२ ग्रॅम प्रथिनें असतात. तिची पांच वाट्या आमटी केली, तर दर वाटीस साडेचार ग्रॅमांच्या आसपास पडतात. तीच आमटी पाणी घालून दहा वाट्या केली, तर दर वाटीस दोनच ग्रॅम उरतात. जिभेस मीठ-तिखट वाढवून फसवितां येतें. शरीरास तसें फसवितां येत नाहीं.

प्रथम तान्ह्या मुलांचा विचार करूं. सहाव्या महिन्यानंतर बाळास आईच्या दुधाबरोबर वरचें अन्न सुरू करावें, असें वैद्यकशास्त्र सांगतें, आणि आपल्याकडे त्या वेळीं मोठ्या कौतुकानें वरणाच्या वरचें पाणी पाजण्याची चाल आहे. हें पाणी म्हणजे आपला काल्दो होय. त्यानें इवलेंसें पोट भरतें, पण अंग भरत नाहीं. बाळाचें अन्न चमच्यावरून ओघळून जाणार नाहीं इतकें दाट असावें, असाच आजच्या तज्ज्ञांचा सल्ला आहे. तेव्हां वरचें पाणी न देतां, घोटलेली डाळ व मऊ भात तुपाबरोबर कालवून द्यावा. आजाऱ्याचेंही तसेंच. पहिले एकदोन दिवस मंड किंवा सार ठीक. पण भूक परतल्यावरही त्यास निवळ पाण्यावर ठेवणें म्हणजे पथ्याच्या नांवाखालीं उपासमार होय.

दुसरा विचार घरांतील स्त्रियांचा. एकत्र कुटुंबांत पुरुष व मुलें आधीं आणि स्त्रिया मागाहून जेवतात, ही रीत अजूनही पुष्कळ ठिकाणीं आहे. अवचित पाहुणा आला कीं आमटींत तांब्याभर पाणी पडतें. पाहुण्याबद्दल आमची तक्रार नाहीं. अतिथि यावा व तृप्त होऊन जावा. पण हुशार वाढणारी पळी तळाशीं नेऊन त्याच्या वाटींत डाळ घालते, आणि शेवटच्या पंगतीच्या वाट्यांत गढूळ पाणी उरतें. २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत पंधरा ते एकूणपन्नास वर्षें वयाच्या स्त्रियांपैकीं देशांत शेंकडा ५७, आणि महाराष्ट्रांत शेंकडा ५४ रक्तक्षयानें पीडित आढळल्या. याचें कारण एकटी पातळ आमटी नव्हे. लोहाचा तुटवडा, वारंवारचीं बाळंतपणें, दुखणीं अशीं अनेक कारणें आहेत. परंतु जें अन्न शिजविणारीच्या वाट्यास सर्वांत शेवटीं व सर्वांत पातळ येतें, त्यानें ही उणीव भरून निघण्याची आशा नाहीं. सासूबाईंनीं सुनेस आमटी करावयास शिकविली, पण तिच्या वाटींत डाळ पडते कीं नाहीं हें पाहिलें नाहीं, तर ती शिकवण अर्धीच राहिली.

यावर उपाय साधे आहेत. आमटी वाढवावयाची झाल्यास नुसतें पाणी ओतूं नये. दोन चमचे डाळीचें पीठ पाण्यांत कालवून लावावें व चांगली उकळी आणावी. वाढण्यापूर्वीं प्रत्येक वेळीं पळी तळापर्यंत नेऊन ढवळावें. स्त्रियांच्या पंगतीची आमटी आधींच निराळ्या पातेल्यांत काढून झांकून ठेवावी; शक्य तेथें सर्वांनीं एकाच पंगतीस बसावें, हें त्याहूनही उत्तम. आणि डाळ खरोखरच थोडी असेल, तर आमटी पातळ करीत बसण्यापेक्षां आहे तेवढी घट्ट ठेवून जोडीस आमसुलाचें सार करावें. सार स्वस्त आहे, रुचकर आहे, आणि तें आमटी असल्याचें सोंग आणीत नाहीं.

ज्यांस मेक्सिकोचा पाणीदार सोपा घरीं करून पाहावयाचा असेल, त्यांच्यासाठीं एक शाकाहारी प्रकार देतों. एक वाटी राजमा रात्रभर भिजवून, तें पाणी टाकून, दुसऱ्या पाण्यांत कुकरमध्यें अगदीं मऊ होईपर्यंत शिजवावा. राजमा कच्चा राहिल्यास पोटास बाधतो, म्हणून यांत हयगय करूं नये. दोन टोमॅटो, अर्धा कांदा, दोन लसूणपाकळ्या व दोन ब्याडगी मिरच्या तव्यावर भाजून वाटाव्या. ज्या घरीं कांदा-लसूण वर्ज्य असेल, त्यांनीं हिंग घ्यावा. पळीभर तेलांत हें वाटण रंग गडद होईपर्यंत परतावें. आपण फोडणी बहुधा डाळीवर वरून देतों, तिकडे वाटण आधीं परतून मग रस घालतात, आणि सारी खुमारी या एका फरकांत आहे. मग निम्मा राजमा घोटून व निम्मा अख्खा घालून, एकूण सहा वाट्या होतील इतकें पाणी घालावें व दहा मिनिटें उकळावें. वर लिंबू, कोथिंबीर व शिळ्या पोळीचे तळलेले तुकडे घालावे. सहा वाट्यांपेक्षां अधिक करण्याचा मोह आवरावा.

पुढील अंकीं अंबील, ताक व आंबवलेल्या पिठांच्या पदार्थांविषयीं लिहिण्याचा विचार आहे. तोंवर वाचकभगिनींनीं आपल्या घरच्या पातळ पदार्थांस वरील तीन प्रश्न लावून पाहावे. आणि वाचकबंधूंनीं, आपल्यामागून जेवणाऱ्यांच्या वाटींत काय पडतें, तें एकदां उठून पाहावें.